आठ वाजता खाल्लं जाणारं प्रदर्शन

कोजागिरीच्या संध्याकाळी गावातून कलाफेरी काढायची ही कल्पना आमच्या वरच्या मजल्यावरच्या भाडेकरणीची. ती कोल्हापूरकडची, इथल्या कॉलेजात शिकवते, आणि रविवारी पहाटे दुर्बीण गळ्यात अडकवून पक्षी पाहायला जाते. तिचं म्हणणं असं, की मोठ्या शहरांत लोक एक संध्याकाळ ठरवतात, घोळक्याने चालत निघतात, या दालनातून त्या संग्रहालयात जातात, चित्रं पाहतात, गप्पा मारतात. मी म्हटलं, "बाई, खामगावात दालन म्हटलं की लोकांना साड्यांचं आठवतं. आणि संग्रहालय काढायला इथे कोणाला वेळ आहे?" ती म्हणाली, "काका, नसेल तर एका संध्याकाळपुरतं आपणच करू."

मी पंचायत समितीत एकतीस वर्षं कारकून होतो. निवृत्त होऊन दोन वर्षं झाली होती आणि कोणी माझ्याकडे कसलीही यादी मागितली नव्हती. त्यामुळे फेरीचं वेळापत्रक, ठिकाणं, माणसं सगळं मी अंगावर घेतलं. एक शिटीही विकत आणली. चष्म्याची डावी दांडी मोडली होती, पण दुकानात जायलाही सवड होईना, म्हणून मी तिला काळा दोरा गुंडाळला आणि कामाला लागलो.

बैठक आमच्याच घरी झाली. शाळेचा चित्रकलेचा हॉल, चांदीच्या गल्लीतल्या एका जुन्या कारागिराचं दुकान आणि बंद पडलेल्या कापसाच्या जिनिंगच्या ऑफिसात एका म्हाताऱ्या मापाऱ्याने जमवलेल्या वस्तू, अशी तीन ठिकाणं ठरली. एवढ्यात बायको चहाचा ट्रे घेऊन आली. भाडेकरीण पटकन म्हणाली, "आणि काकूंचे भुलाबाईचे दागिने? तेही ठेवू या की! कोजागिरीच आहे."

मी म्हणालो, "आमच्या घरी काय पाहायचं? पीठ?"

सगळे हसले. बायकोही हसली, कप पुढे केले आणि आत गेली. ती रागावली असती तर मला सोपं गेलं असतं. रागावलेल्या माणसाची समजूत काढता येते, माझा तो हातखंडा आहे. हसलेल्या माणसाचं काय करायचं हे मला या वयातही कळलेलं नाही.

भुलाबाई म्हणजे काय ते बाहेरच्या माणसाला सांगायला हवं. भादव्याच्या पौर्णिमेला आमच्याकडे घरोघरी भुलाबाई आणि भुलोजी, म्हणजे पार्वती-शंकर, मातीचे आणून बसवतात. महिनाभर संध्याकाळी गल्लीतल्या पोरी घरोघर जाऊन गाणी म्हणतात. गाणी झाली की खिरापत, पण ती सरळ हातात पडत नाही. झाकण लावलेला डबा कानाशी हलवून आत काय आहे ते ओळखायचं. ओळखल्याशिवाय डबा उघडत नाही. कोजागिरीला ज्वारीच्या धांड्यांच्या, म्हणजे ताटांच्या, मखरात भुलाबाई बसते, गाणी होतात, आरती होते आणि महिन्याचा मुक्काम संपतो. आमच्या घरी त्या दिवशी भुलाबाईला कणकेचे दागिने घालतात. गुळाच्या पाण्यात घट्ट कणीक भिजवायची, दागिने घडवायचे, तळायचे, दोऱ्यात ओवून मूर्तीला चढवायचे. आरती झाली की पोरी ते काढतात आणि खातात.

हे मला ऐकून माहीत. पाहिलं कधी नव्हतं. नोकरी होती तोवर मी ऑफिसात असायचो, आणि निवृत्त झाल्यावर त्या संध्याकाळी घर बायकांनी भरतं म्हणून मित्राच्या ओट्यावर जाऊन बसायचो.

भाडेकरणीने मला न विचारता पत्रकावर चौथं ठिकाण छापून टाकलं. खाली आमच्या घराचा पत्ता. मी फुरंगटलो, पण पत्रकं वाटून झाली होती. बायकोला सांगितलं तर ती धान्य निवडता निवडता म्हणाली, "येऊ द्या न. पण आठ वाजता आरती होते. आरती झाली का पोरी खातीन. मी कोनासाठी थांबत नाई, आधीच सांगून ठेवते."

"साडेसातला आणतो," मी म्हणालो.

"किती लोकं?"

"चाळीस."

"एवढे पीठ पाहाले येतीन?" ती म्हणाली आणि पुन्हा हसली.

तेव्हा मी मनाशी ठरवलं. चाळीस माणसं साडेसातच्या ठोक्याला माझ्या दारात उभी करायची. बोललेला शब्द परत घ्यायचा दुसरा कोणताही मार्ग मला येत नव्हता. माफी मागणं वगैरे आमच्या पिढीतल्या नवऱ्यांना कोणी शिकवलेलं नाही, आणि शिकवायला कोणी आलं असतं तर आम्ही त्याला चहा पाजून वाटेला लावलं असतं.

पाच वाजता शाळेत खरोखर चाळीस माणसं जमली, जास्तच. बहुतेक बायका, नटूनथटून, कोजागिरीच्या साड्यांत. मी शिटी वाजवली आणि पाऊण तास दिला. चित्रकलेच्या सरांनी पोरांची चित्रं दोरीला चिमट्यांनी टांगली होती. भाडेकरणीने आधी समजावून सांगितलं होतं, की चित्रासमोर शांत उभं राहायचं, रंग पाहायचे, रेषा पाहायच्या. आमची माणसं सरळ चित्राच्या खालच्या कोपऱ्यात वाकली आणि आधी नाव वाचू लागली.

"हे कोनाचं पोट्टं वो? थे देऊळघाटवाल्याचं काय?"

"नाई, थे दुसरे. याची आत्या आमच्या शेजारी दिली आहे."

नातं लागलं की मग चित्र पाहायचं आणि ते चांगलंच असायचं. एका पोराने निळा बैल काढला होता. त्या बैलासमोर त्याच्या आईकडचं सगळं गोत उभं राहून फोटो काढत होतं. मला वैताग आला होता, पण खरं सांगतो, मीही आमच्या ऑफिसातल्या शिपायाच्या नातीचं चित्र शोधून काढलंच. तेवढ्यात सरांच्या बायकोने आलूपोह्यांचं पातेलं आणलं. पत्रकावर पोहे नव्हते. मी तसं म्हणालोही. सरांची बायको माझ्याकडे असं पाहू लागली, की मी मुकाट्याने बशी हातात घेतली. शाळेतून निघालो तेव्हा सव्वासहा झाले होते.

चांदीच्या गल्लीत तो म्हातारा कारागीर गादीवर बसला होता. पुढे एक दिवा, एक ठोकणी आणि लाल मखमलीवर मांडलेले दागिने. त्याने एक तोडा उचलला आणि आमच्यासमोर धरला. बारीक वेल, आणि वेलीत मधे मधे उमललेलं कापसाचं बोंड. बोंडाच्या पाकळ्या वेगळ्या, आतला कापूस वेगळा, सगळं करंगळीच्या नखाएवढं. लोक पुढे सरकले. मी कितीदा तरी हा बोंडाचा तोडा गावातल्या बायकांच्या पायात पाहिला असेल, पण असा हातात धरून पहिल्यांदाच पाहिला.

भाडेकरणीने विचारलं, "आजोबा, ही नक्षी परंपरेने आलेली का?"

"नाई न बाई," म्हातारा म्हणाला. त्याने चिमटा माझ्याकडे रोखला. "यायच्या घरची हाये. आमची बुढी कोजागिरीले यायच्याकडे भुलाबाईले जाते. एका साली तिनं कनकेचा तोडा आनला परसाद म्हनून. मी म्हटलं, थांब, खाऊ नको. आधी कागदावर उतरवून घेतला, मंग खाल्ला." तो माझ्याकडे पाहून थांबला. "काऊन भाऊ, तुमाले मालूम नाई?"

"हो, हो, आहे न," मी म्हणालो.

मला काहीही माहीत नव्हतं. गावातल्या बायका माझ्या घरातली नक्षी पायात घालून हिंडत होत्या आणि मी त्याला पीठ म्हणालो होतो, तेही पाहुण्यांसमोर. मला माझी स्वतःची लाज वाटली. मी घड्याळ पाहिलं, सात वाजायला आले होते. म्हाताऱ्याचा चहा आला, तो मी उभ्यानेच घशाखाली ओतला आणि शिटी फुंकली.

जिनिंगच्या ऑफिसात पोचलो तेव्हा सव्वासात झाले होते. मी जाहीर केलं, "दहा मिनिटं. फक्त दहा." आत खरंच बघण्यासारखं होतं. कापसाच्या गाठींवर छापायचे पत्र्याचे जुने ठसे होते, मोर, हत्ती, कमळ, तराजू अशी एकेक व्यापाऱ्याची खूण कापलेले. मापाऱ्याने ते घासूनपुसून भिंतीवर ओळीने लावले होते. भाडेकरीण तर एकेका ठशापाशी थबकत होती. पण मापाऱ्याचा जीव त्या भिंतीत नव्हता, तो होता मधोमध उभ्या असलेल्या मोठ्या काट्यात. गाठी तोलायचा तो काटा त्याने तेलपाणी करून चालू ठेवला होता, आणि आलेल्या प्रत्येक माणसाला तोलल्याशिवाय जाऊ द्यायचं नाही, असा त्याचा नेम होता.

"चढा न, साहेब. मणात सांगतो, शेरात सांगतो, म्हनसान तसं."

एक चढला आणि मग सगळ्यांनाच चढायचं होतं. मापारी घसा ताणून वजन पुकारायचा, जसं तो पूर्वी गाठींचं पुकारत असेल. प्रत्येक आकड्याला हशा. एक वकील उतरून बूट काढून पुन्हा चढला. कोणीतरी बाहेरून गरम कचोऱ्या आणल्या आणि त्या खाऊन पुन्हा तोलायची शर्यत लागली. मी शिटी वाजवली. पुन्हा वाजवली. तिसऱ्यांदा वाजवली तेव्हा मापाऱ्याला वाटलं मीच नंबर मागतोय.

आणि मग मी माणसं मोजली. अकरा. सगळे पुरुष. भाडेकरीण धरली तर बारा. दुसरी बाई एकही नाही. चांदीच्या दुकानानंतर केव्हातरी त्या हळूच पांगल्या होत्या. कोजागिरीची संध्याकाळ, घरी दूध आटवायचं, पोरंबाळं, त्यांना दोष तरी काय द्यायचा? दोष माझाच होता. घरचं म्हणून घर मी शेवटी ठेवलं होतं. कारकुनी सवय, दुसऱ्यांची कामं आधी, घरचा अर्ज तळाला.

घड्याळात आठला दहा मिनिटं कमी होती.

"मी पुढे होतो," मी भाडेकरणीला म्हणालो. "तू यांना घेऊन ये. कचोरीसकट आण, पण आण."

मी पळालो. साठाव्या वर्षी, गळ्यात शिटी, नाकावर दोऱ्याचा चष्मा. बाजारातून आडव्या गल्लीने गेलो तर तिथे दुधाच्या रांगा. दोघातिघांनी विचारलं, "काय झालं भाऊ, दवाखाना का?" मी मान हलवत पळत राहिलो. मनात एकच चित्र होतं, बायको मखराजवळ एकटी बसलेली, गल्लीतल्या चार पोरी समोर, आणि दारात पत्रक वाचून कोणी आलेलं नाही. चाळीस म्हणालो होतो मी. ती मला काही बोलली नसती, चहा टाकू का विचारलं असतं. तेच मला नको होतं.

गल्लीच्या तोंडाशी आलो आणि आरतीच्या टाळ्या ऐकू आल्या. गर्दी कापत दारात पोचेपर्यंत त्या थांबून काही मिनिटं झाली होती.

ओट्यावर चपलांचा खच पडला होता. पायरीवर चपला, अंगणात चपला, माझ्या सायकलच्या कॅरिअरवरही कोणीतरी चपला ठेवल्या होत्या. बैठकीत पाय ठेवायला जागा नव्हती. शाळेत निळ्या बैलासमोर उभ्या होत्या त्याच सगळ्या साड्या इथे मांडीला मांडी लावून बसल्या होत्या. चांदीवाल्याची बुढी दाराशीच होती. तिने मान वर करून पाहिलं.

"भाऊजी, उशीर केला न. आमी तं केव्हाच्या आलो. तुमच्या फेरीत तुमचं घर शेवटी येनार होतं, तोवर काय उरनार होतं?"

काहीच उरलं नव्हतं. मखरात भुलाबाई बसली होती, गळा मोकळा, हात मोकळे, दोऱ्याची टोकं लोंबत होती. पोरी खात होत्या. एकीच्या हातात अर्धा कंबरपट्टा होता, मी वाकून पाहायला गेलो तर तिने घाईघाईने तोंडात कोंबला. तिला वाटलं मी मागायला आलोय.

मी दाराच्या चौकटीला टेकून उभा राहिलो. बहुधा माझ्या चेहऱ्यावर सगळं दिसत असावं, कारण बायका आपण होऊनच सांगायला लागल्या. मुकुटाला पाच शिखरं होती. नाही, सात. नथीत खसखशीचे दाणे बसवले होते, मोत्यांच्या जागी. कंबरपट्ट्यावर कंगव्याच्या दातांनी उठवलेली जाळी होती. दंडातल्या वाकीवर साप होते, त्यांना डोळेसुद्धा. मग कोणीतरी मागच्या सालावर गेलं, तेव्हा ठुशी काय झाली होती. कोणी त्याच्याही मागे गेलं. आमची पोरगी झाली त्या सालचे पाळण्याच्या नक्षीचे बाजूबंद, दुष्काळाच्या साली नुसता एक साधा गोफ, पण काय वळला होता! प्रत्येकीला सगळं पाठ होतं. खाऊन संपलेल्या प्रदर्शनाची मला साल-दरसाल माहिती मिळत होती, आणि ते प्रदर्शन माझ्याच घरात, माझ्याच बैठकीत इतकी वर्षं भरत होतं.

बायको मखराजवळ बसून निरांजन सारखं करत होती. माझ्याकडे पाहत नव्हती.

मी घसा खाकरला. मागे ओट्यावर भाडेकरीण आणि तिचे अकरा तोललेले पुरुष येऊन पोचले होते. आता गर्दी होतीच, तर होऊ दे, असं मला वाटलं.

"मी त्या दिवशी पीठ म्हणालो होतो," मी म्हणालो. "सगळ्यांसमोर म्हणालो होतो, म्हणून सगळ्यांसमोर सांगतो. माझं चुकलं. मला पाहायचं होतं आज. मी पळत आलो."

अशा वेळी कोणीतरी खोकतं, तसं कोणी खोकलंही. बायकोचे कान लाल झाले. ती म्हणाली, "बसा आधी. धाप लागली तुमाले."

बसायला जागा नव्हती. बुढी जरा सरकली आणि मी उंबऱ्यावर टेकलो. मग बायकोने मखराच्या मागून एक लहान पितळी डबा काढला. तो हातोहात माझ्यापर्यंत आला.

"भुलोजीले कधी काही दागिना नसते," ती म्हणाली. "बिचारा आपला बसून राह्यते. यंदा त्याच्यासाठी एक केला. पोरीयच्या हाती लागू नाई देला. ओळखा."

मी डबा कानाशी हलवला. टकटक वाजलं. आत एकच वस्तू, हलकी.

"अंगठी," मी म्हणालो.

"नाई!" सगळी बैठक एका सुरात.

"कडं. जानवं? मिशा?"

हसून हसून पोरी एकमेकींवर पडल्या. बायका तोंडाला पदर लावून बसल्या होत्या. प्रत्येकीला माहीत होतं, एकही सांगत नव्हती. मी हरलो म्हणालो तर बुढी म्हणाली, "हरलो म्हनून नाई चालत, भाऊजी. घरची खिरापत आहे." ओट्यावरून वकील ओरडले, "घड्याळ म्हणा, घड्याळ!" तेही म्हणून पाहिलं. नाहीच. शेवटी बायकोलाच दया आली असावी. तिने नुसतं आपलं बोट स्वतःच्या नाकाच्या शेंड्यावर टेकवलं आणि वर सरकवलं. मी दिवसातून पन्नासदा करतो तसं.

"चष्मा?" मी म्हणालो.

डबा उघडला. तळून खमंग तांबूस झालेला कणकेचा चष्मा. दोन गोल, मधे नाकाची कमान, दोन्ही दांड्या कानामागे वळतात तशा वळवलेल्या. बिजागरीच्या जागी खसखशीचा एकेक दाणा.

"दिसत नाई न तुमाले," ती म्हणाली, "म्हनून केला."

ओट्यावरच्या पुरुषांसकट सगळं घर हसलं. मीही हसलो. माझा चष्मा काढून तो कणकेचा डोळ्यांवर धरला, तर आणखी हशा. मग दोन्ही चष्मे दोन हातांत धरून मी जवळ नेऊन पाहिलं, कारण डाव्या दांडीवर मला काहीतरी उंचवटा दिसला. केसाएवढ्या बारीक कणकेच्या वळीचे वेढे होते तिथे, एकाला एक लागून. मी ते मोजले. सात. माझ्या चष्म्यावरचा दोरा मोजला. तोही सात. फेरीच्या गडबडीत, एकटा असताना, खिडकीशी उभा राहून गुंडाळला होता मी तो, आणि कोणाला दाखवला नव्हता.

"हा मी कपाटात ठेवणार," मी म्हणालो.

"ठेवत नसते," ती म्हणाली. "भुलाबाईचं खातात."

बाहेर पोरींनी दुधाचं पातेलं चांदण्यात नेलं होतं, भाडेकरीण अकरा जणांना ओळीत बसवत होती. बायको उठून माझ्याजवळ आली. मी तो चष्मा मधोमध मोडला. एक काच तिला दिली, आणि दोरा बांधलेल्या बाजूची मी खाल्ली.